जुना वाद उघडून वाचावा

बरीच वर्षं मी एका मताला धरून होतो आणि चारचौघांत ते आग्रहाने मांडतही होतो. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट-कॅथलिक वाद आता मिटवून टाकावा, त्यावर बोलूही नये, असं ते मत. तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांवर जे आसूड ओढले त्यांत आजच्या विश्वासणाऱ्याला शिकण्यासारखं काही नाही. खपली काढली तर जखम पुन्हा वाहू लागेल. एकी हवी असेल तर पोप, मरिया, संस्कार हे विषय टाळावेत, नाताळची गीतं एकत्र गावीत, दुष्काळात एकत्र राबावं. आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ते का पालटलं, हे सांगायला हवं.

मी नगर जिल्ह्यातल्या मराठी मंडळीत वाढलो. ‘कॅथलिक लोक कृत्यांनी तारण मानतात, आपण विश्वासाने’ हे वाक्य उपदेशातून आणि संडे स्कूलमधून इतक्यांदा कानावर पडलं होतं की त्याचा पुरावा कुणी मागत नसे. पुढे वसईच्या कॅथलिक कुटुंबांशी घरोबा झाला. त्यांच्या प्रार्थनेत पावलोपावली देवाच्या कृपेची याचना. आमचं वाक्य आणि ही माणसं यांचा मेळ बसेना, तेव्हा विषयच टाळणं मला शहाणपणाचं वाटलं.

हा शहाणपणा सुटला तो सोळाव्या शतकातल्या त्या वादातली उत्तरं मुळातून वाचायला घेतली तेव्हा. पहिलं पुस्तक प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनचं. कॅथलिक चर्चची ट्रेंट इथली धर्मसभा डिसेंबर १५४५ मध्ये सुरू झाली. मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या कळीच्या प्रश्नावर तिने १३ जानेवारी १५४७ रोजी, सहाव्या सत्रात, १६ प्रकरणं आणि ३३ कॅनन, म्हणजे धर्मनियम, मंजूर केले. कॅल्व्हिनने त्याच वर्षी उत्तर दिलं. आधी सभेचा मजकूर, मग त्यावर जणू विषावरचा ‘उतारा’, अशी त्याची मांडणी.

पहिला कॅननच मला हलवून गेला. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेविना माणूस स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरतो, असं जो म्हणेल त्याला ट्रेंटने शापित ठरवलं आहे. म्हणजे आम्ही कॅथलिकांच्या माथी जे मत मारत आलो, त्याचा धिक्कार त्यांच्याच सभेने केला होता. कॅल्व्हिनला हे ठाऊक होतं. पहिल्या तीन कॅननना तो विनातक्रार मान्यता देतो. त्याचा झगडा पुढे सुरू होतो. देव पाप्याला नीतिमान ठरवतो तो केवळ ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या हिशेबी धरून, की त्याच्या अंतःकरणात ओतलेल्या प्रीतीमुळेही? अकराव्या कॅननला उत्तर देताना तो सूर्याचा दाखला देतो: जमीन तापते ती फक्त उष्णतेने, पण सूर्यात उष्णता प्रकाशाला सोडून कधी नसते; तसा तारणारा विश्वास प्रीतीवाचून कधी नसतो, मात्र नीतिमान ठरवण्याचं काम विश्वासाचंच. मतभेद खरा आहे आणि खोलही आहे. पण तो आमच्या त्या एका वाक्यात मावत नाही.

दुसरं पुस्तक मार्टिन केम्निट्झचं. ब्राउनश्वाइग शहरातल्या या लुथरन पंडिताने १५६२ मध्ये जेझुइटांच्या शिकवणीवर एक लहान पुस्तक लिहिलं. त्यावर ट्रेंटला हजर असलेल्या दियोगो द पायवा द आंद्रादे या पोर्तुगीज धर्मपंडिताने १५६४ मध्ये उत्तर दिलं. मग केम्निट्झने सगळी धर्मसभाच तपासायला घेतली. १५६५ ते १५७३ या काळात ‘ट्रेंट धर्मसभेचं परीक्षण’ चार भागांत पुरं झालं.

त्यातलं परंपरेवरचं प्रकरण प्रत्येक प्रोटेस्टंटाने वाचावं. ‘आम्ही फक्त शास्त्र मानतो, परंपरा मानत नाही’ असं आपण सहज बोलून जातो. केम्निट्झ परंपरेचे आठ प्रकार करतो. प्रेषितांनी तोंडी सांगितलेलं आणि पुढे लिहून ठेवलेलं, मंडळीने जपून पुढे दिलेली शास्त्राची पुस्तकं, विश्वासांगीकार, शास्त्राचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खरा अर्थ, शास्त्रात शब्दशः नसलेली पण शास्त्रातूनच निघणारी मतं (जसा बालकांचा बाप्तिस्मा), प्राचीन आचार्यांचं एकमत, जुने विधी आणि रीती. हे सातही प्रकार तो आपापल्या जागी स्वीकारतो. नाकारतो तो फक्त आठवा: शास्त्राच्या आधाराने सिद्ध होत नाहीत, तरी शास्त्राइतक्याच आदराने मानायला लावलेल्या विश्वासाच्या आणि आचाराच्या गोष्टी. प्रतिपक्षाचं मत आधी नेमकं समजून घ्यायचं आणि जिथे अडतं तिथेच अडवायचं, ही त्याची रीत.

त्या वादात कटुता नव्हती असं मी म्हणणार नाही. कॅल्व्हिन ट्रेंटच्या बिशपांवर बोचरे वार करतो, आणि लुथरने १५४५ मध्ये पोपच्या सत्तेविरुद्ध लिहिलेलं पुस्तक शिव्यांनी भरलेलं आहे. त्या भाषेचा वारसा आपल्याला नको. पण भाषेपायी विचार टाकला की काय गमावतो, हे मला आता कळतं. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थॉन आणि बुत्सर, कॅथलिकांकडून योहान एक आणि ग्रॉपर ही मंडळी समोरासमोर बसली आणि नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर त्यांनी सहमतीचा मसुदाही केला. बोलणी फिसकटली ती प्रभुभोजन आणि मंडळीचा अधिकार यांवर. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लुथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले परस्परांचे धिक्कार लागू होत नाहीत, असं दोघांनी मान्य केलं. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना २०१७ मध्ये तिच्याशी जोडल्या गेल्या. ही एकी विषय टाळून आलेली नाही. कुठल्या कॅननने नेमकं काय नाकारलं, हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा ती आली.

या वादाशी आपलंही नातं आहे. ट्रेंटची सभा १५६३ मध्ये संपली आणि १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मसभेतून तिचे निर्णय आपल्या किनाऱ्यावर लागू झाले. प्रोटेस्टंट बाजू मराठी मुलखात रुजली ती १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून. एका बाजूचे निर्णय आणि दुसऱ्या बाजूची उत्तरं मराठी माणसाने शेजारी शेजारी ठेवून वाचणं अजून व्हायचं आहे.

माझी दोन्हीकडच्या वाचकांना विनंती आहे. नगरकरांनी ट्रेंटचं सहावं सत्र वाचावं, वसईकरांनी कॅल्व्हिनचं उत्तर वाचावं, आणि मग एकत्र बसून बोलावं. आमच्या सेमिनरींनी केम्निट्झचं परंपरेवरचं प्रकरण तरी मराठीत आणावं. ज्याचं म्हणणं आपण पुरतं ऐकलेलं नाही, त्याच्याशी झालेला समेट टिकत नाही.