रबराची सोशिकता

जालना पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण अंबडच्या वा भोकरदनच्या वाटेवर खड्ड्याचा हादरा तुमच्यापर्यंत पोहोचू न देण्याचे काम शेवटी मूठभर रबर करते. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे रस्ते फार काळ सपाट राहत नाहीत. पुढचा शॉकअप आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधले रबरी माउंटिंग हे सारे निमूटपणे सोसते. ते झिजले, की स्टेअरिंग वळवताना बॉनेटखालून ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो.

आमच्या गाडीची दोन्ही माउंटिंग्ज मी घरीच बदलली. गाडी जॅकवर न विसंबता भक्कम स्टँडवर टेकवली, चाक काढले, शॉकअप उतरवला. खरी कसोटी त्यानंतर होती. माउंटिंगच्या मधला नट दबलेल्या स्प्रिंगची सारी शक्ती अडवून धरतो. म्हणून कॉम्प्रेसरचे दोन्ही स्क्रू समोरासमोर लावून, आलटूनपालटून आवळत स्प्रिंग आखडावी लागते. माउंटिंगवरचा दाब पूर्ण निघाल्यावरच त्या नटाला पाना लावावा. घाईने मोकळी झालेली स्प्रिंग जीवही घेऊ शकते. नवे माउंटिंग बसवल्यावर तिला तितक्याच सबुरीने सैल करावे लागते.

निघालेले रबर चिरा पडून चपटे झाले होते. इतकी वर्षे त्याची आठवणही कुणाला नव्हती. घरातल्या सोशिक माणसांशी तरी आपण याहून वेगळे काय वागतो? तीही कुरकुरली, की मगच आपले लक्ष तिकडे जाते.