वाकडा मांडव

घरामागच्या परड्यात जेमतेम वीतभर माती, खाली नुसता जांभा. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि जानेवारीत कळशीभर पाणी ओतलं तरी दुपारपर्यंत माती कोरडीठाक. तयार मातीच्या पिशवीचा भाव विचारला आणि हात हलवत परतलो. नारळाची सोडणं मात्र फुकट, हवी तितकी.

सोडण खोलगट बाजू वर करून खड्ड्यात मांडायचं. त्यावर पालापाचोळा, शेण, मग माती. ते वाटीसारखं पाणी धरतं आणि पुढची काही वर्षं सावकाश कुजत राहतं. आंबट मातीला चुलीतल्या राखेचा उतारा. विकतच्या खतापेक्षा माझा भरवसा यावरच.

शेजारच्या काकी गडग्यावरून सांगतात, "अळवाक न्हाणयेचा पाणी सोड, बाकी कायेक करू नको." खरंच, अळू नुसतं माजलंय. गुलाब खाऱ्या वाऱ्यात टिकेनात. टिकले असते तरी त्यांचं फदफदं थोडंच होणार होतं?

मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे माड आडवे केले, त्यात आमचा मांडवही गेला. आताचा उभा आहे पडलेल्या पोफळीच्या खांबांवर. वर एका रापणकाराने दिलेलं फाटकं जाळं. दिसायला गबाळा, पण पडवळं लोंबतात झकास. टोकाला दगड बांधला की पडवळ सरळ वाढतं. मी बांधत नाही, डाळीत शिजल्यावर कोण बघतंय? काकी मात्र येता-जाता गुपचूप बांधून जातात.