नाव बदलायची कमिट

सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदललं की फेरफाराचा नंबर पडतो, आणि त्या नंबरावरून जुना मालक सापडतो. गिटमध्ये फाईलचं नाव बदललं तर असा फेरफार कुठेच नोंदला जात नाही. ‘गिट एमव्ही’ ही कमांड नोंद करते असा पुष्कळांचा समज. ती फक्त जुनं नाव काढते आणि नवं घालते. नाव बदलल्याचा अंदाज गिट नंतर, इतिहास दाखवताना बांधतं. एकाच कमिटमध्ये एक फाईल गेली, दुसरी आली आणि दोघींचा निदान ५० टक्के मजकूर जुळला, तर ती एकच धरायची. ही मर्यादा बदलता येते.

मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन नोंद ठेवतात, मग गिटला काय झालं, असा आक्षेप घेतला जातो. पण ती नोंद माणसाने करायची असते. त्याने फाईल परस्पर हलवली आणि टूलला सांगितलं नाही, की नोंद राहून गेली. शिवाय हजार ओळींची एक फाईल फोडून तीन केल्या, तर नवं नाव कुठलं म्हणायचं? लिनस टोरवाल्ड्सचा २००५ पासूनचा आग्रह हाच, की फाईलपेक्षा मजकुराचा माग काढा. ‘ब्लेम’ला ‘-सी’ जोडला की ओळ मुळात कुठल्या फाईलमधली, तेही शोधता येतं. मला हे पटतं.

मात्र अंदाज चुकू नये याची जबाबदारी मग आपल्यावर येते. वीस ओळींच्या जावा क्लासचं नाव बदललं आणि त्याच कमिटमध्ये टॅब काढून स्पेस घातल्या, तर बहुतेक ओळी बदलतात. ‘लॉग --फॉलो’ तिथेच अडतो, आणि ‘ब्लेम’मध्ये एकही ओळ न लिहिलेल्या माणसाच्या नावावर जवळपास अख्खी फाईल लागते. म्हणून नाव बदलायची कमिट वेगळी हवी. यावर जावावाले म्हणतील, पब्लिक क्लासचं आणि फाईलचं नाव एकच लागतं. नुसतं फाईलचं नाव बदललं तर बिल्ड तुटेल आणि ‘बायसेक्ट’ अडखळेल. खरं आहे. तेव्हा क्लासचं नाव आणि ते जिथे वापरलंय त्या जागा त्याच कमिटमध्ये बदला. इंडेंटेशन, साफसफाई पुढच्या कमिटमध्ये. आणि मर्ज करताना ‘स्क्वॉश’चं बटण दाबलंत, तर वेगळ्या ठेवलेल्या या दोन कमिट पुन्हा एक होतात.