शाळेच्या सरावपानासाठी फ्रेमवर्क निवडताना



मी कुरुंदवाडला प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षण डी.एड. प्रोग्रॅमिंग शिकले ते शाळा सुटल्यावर, घरचं आवरून, यूट्यूबवर बघत बघत. यंदा दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी पाढे आणि शब्दवाचनाच्या सरावाचं एक वेबपान करायला घेतलं आणि पहिलाच प्रश्न पडला, फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं? पुण्यात आयटीत असलेला मामेभाऊ म्हणाला, "ताई, रिअ‍ॅक्टच घे, सगळीकडे तेच चालतं." एक सहकारी सर म्हणाले, "मॅडम, पायथन येतंय ना तुम्हाला? मग जँगो घ्या."

आधी फ्रेमवर्क म्हणजे काय ते पाहू. घर बांधताना पिलर आणि स्लॅबचा सांगाडा तयार मिळाला, तर आपण फक्त भिंती, दारं, खिडक्या बघायच्या. फ्रेमवर्क म्हणजे असा तयार सांगाडा. काम लवकर होतं, पण खोल्या त्या सांगाड्यात बसतील तशाच काढाव्या लागतात.

आता पर्याय बघा. जँगो २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते तयार झालं, त्यामुळे रोज माहिती भरायची, बदलायची सोय त्यात आयतीच मिळते. पण त्याला सतत चालू राहणारा सर्व्हर लागतो. रिअ‍ॅक्ट फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलं. खरं तर ती लायब्ररी आहे, पण बोलताना सगळे फ्रेमवर्कच म्हणतात. पडद्यावरचे अनेक भाग एकमेकांवर अवलंबून असतील तिथे ते फार उपयोगी. मात्र साधारणपणे त्याचा कोड फोनवर उतरून चालू झाल्यावरच पान दिसतं. बूटस्ट्रॅप दिसण्यापुरतं, म्हणजे बटणं, रकाने, रंग तयार देतं. आणि चौथा पर्याय, ज्याचं नावच कुणी घेत नाही: फ्रेमवर्क न घेता साधं एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट.

यातलं चांगलं कोणतं, असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. म्हणून मी तीन प्रश्न कागदावर लिहिले.

१) पान कुणाच्या फोनवर उघडणार?

माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत फोन एकच. बाबा कामावरून आले की संध्याकाळी हातात मिळणार, त्यातही दहावीतल्या ताईचा नंबर आधी. धाकट्याच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं पान उघडण्यात गेली तर पाढे कधी म्हणायचे? शिवाय फोनची मेमरी भरलेली आणि नेट रोजच्या पॅकवर. म्हणून पान हलकं हवं. वेगळा मराठी फॉन्टही मी टाकला नाही, कारण कधी कधी फॉन्टच सगळ्या पानापेक्षा जड होतो. फोनमधला देवनागरी फॉन्ट पुरतो. पानाची भाषा मराठी आहे एवढं मात्र कोडमध्ये नक्की लिहा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते, तिथे त्यामुळे आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' दिसतो. अक्षरं गिरवणाऱ्या मुलासाठी ही बारीक गोष्ट नाही.

२) मुलांची माहिती कुठे राहणार?

लॉगिन ठेवलं की नावं, गुण, मोबाईल नंबर सर्व्हरवर जाणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. पाढ्यांच्या सरावासाठी एवढं कशाला जमा करायचं? गुण त्या फोनच्याच ब्राउझरमध्ये साठवता येतात. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या शिरोळ तालुक्यात बाहेरच्या जिल्ह्यांतून मुलं येतात आणि हंगाम संपला की आई-बापांबरोबर निघून जातात. लॉगिन शाळेच्या यादीवर असेल तर यादीतून नाव गेलं की सरावही गेला. बिनलॉगिनचं पान त्यांच्याबरोबर गावी जातं.

३) माझ्यानंतर हे कोण सांभाळणार?

आपली बदली कधी ना कधी होतेच. अँग्युलरजेएस २०१० साली आलं, गाजलं आणि २०२१ च्या अखेरीस गुगलने त्याची देखभाल थांबवली. मोठ्या कंपन्यांनी माणसं लावून आपला कोड बदलून घेतला असेल, शाळेने कुणाला लावायचं? याउलट १९९० च्या दशकातली साधी एचटीएमएल पानं आजही उघडतात. रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हापासून क्यूआर कोड घरोघरी माहीत झाले. पण क्यूआर कोड म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावरचं पान बंद पडलं की वहीवर चिकटवलेला कोड कोराच.

या तीन प्रश्नांनंतर मी चौथा पर्याय घेतला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते इथेही खरं. सगळं काम एका फोल्डरमध्ये मावतं. ते पेनड्राइव्हवर देता येतं आणि गिटहब पेजेससारख्या ठिकाणी मोफत ठेवता येतं. सर्व्हिस वर्कर नावाची छोटी फाईल जोडली की एकदा उघडलेलं पान पुढे नेट नसतानाही चालतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी इथे पाहिला, त्यांना याचं मोल सांगायला नको. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की आधी वीज जाते, मग रेंज. निवारा केंद्रात वही-पुस्तक नसलं तरी आईच्या फोनमध्ये पाढे राहतील.

याचा अर्थ फ्रेमवर्क वाईट असा नाही. उद्या केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून प्रश्नसंच भरायचं ठरवलं तर मी जँगोच घेईन. तिथे माहिती भरणारे अनेक, तपासणारे अनेक, ते काम साध्या पानाचं नाही. गरज वाढली की सांगाडा मोठा करावा.

तुम्हीही असं काही करणार असाल तर लॅपटॉप उघडण्याआधी पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारून घ्या: घरात फोन किती, मुलाच्या हातात किती वाजता येतो आणि नेटचा पॅक कधी संपतो. मग वर्गातल्या सर्वांत जुन्या फोनवर पान उघडून बघा. तिथे चाललं की सगळीकडे चालेल.