विझलेला दिवा

लग्नसराईत मी तालुक्यातल्या एका फोटो स्टुडिओत दिवा धरण्याचे काम करतो. महाविद्यालयाची फी त्यातूनच निघते. (आमच्या घरात फी भरण्याचा प्रसंग याआधी कुणावर आलाच नव्हता!)

सध्या संध्याकाळी तिथे एकच खल चालतो: निकॉनचा झेड ८ घ्यावा की नाही? २०२३ साली आलेल्या या कॅमेऱ्यात आरसा नाही, यांत्रिक शटरही नाही. सेकंदाला २० रॉ छायाचित्रे. माणसाचा डोळा तो आपण होऊन हुडकतो. पण बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमतच तीन लाखांवर होती! शिवाय मालकांच्या जुन्या डी लेन्स निकॉनच्या अडॅप्टरने बसल्या, तरी त्यांचा ऑटोफोकस चालणार नाही.

परवा मालकांनी तो एका स्नेह्याकडून मागून आणला. ऐन पाठवणीला जनरेटर बंद पडला. समईच्या उजेडात वधूची आई रडत होती. एरवी शटरचा खट् आवाज झाला की बायका पदर सावरतात. या वेळी तिला पत्ताही लागला नाही. चित्र असे उतरले, की माझ्याच घशात आवंढा आला. मी मात्र विझलेला दिवा धरून नुसता उभा!

"काय रे, घ्यावा का?" मालकांनी विचारले.

"घ्या," मी म्हणालो आणि दिव्याची वायर गुंडाळू लागलो.