फासा टाकण्यापूर्वी

कथानकाचे घटक शिकवताना आम्ही दोघेही गेली अठरा-वीस वर्षे एक वाक्य नेमाने फळ्यावर लिहीत आलो आहोत : पात्राचा स्वभाव त्याच्या कृतीतून कळतो. आमची महाविद्यालये वेगळी असली तरी विषय एकच, मराठी. त्यामुळे वाक्यही एकच. इतक्यांदा लिहिल्यामुळे त्याचा अर्थ आमच्यापुरता झिजून गेला होता. तो पुन्हा हाती लागला तो एखाद्या समीक्षाग्रंथात नव्हे, तर २०२०च्या एप्रिलमध्ये, घरच्या जेवणाच्या टेबलावर, वीस बाजूंच्या एका प्लास्टिकच्या फाशापाशी.

टाळेबंदीचे दिवस होते. मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. मित्रांबरोबर सुटीत खेळण्यासाठी त्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा २०१४ साली निघालेला ‘स्टार्टर सेट’ आणून ठेवला होता. मित्र येणे शक्य नव्हते, म्हणून नाइलाजाने त्याने आम्हांला बसवले. तो झाला ‘डंजन मास्टर’. म्हणजे निवेदकही तोच, पंचही तोच, आणि आमची चार पात्रे सोडून त्या जगातील बाकी सगळी माणसे व राक्षसही तोच. आमच्यापैकी एकाकडे योद्धा आणि जादूगार आले, एकीकडे धर्मोपासिका आणि चोर. पटावर कोठेही ‘जिंकणे’ लिहिलेले नव्हते. मुलगा प्रसंगाचे वर्णन करी आणि थांबून विचारी, “बाबा, तुम्ही काय करता? आई, तू काय करतेस?” सारा खेळ या एका प्रश्नावर चालतो, हे कळायला आम्हांला बराच वेळ लागला.

या खेळाचे कूळ युद्धखेळांचे आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’ आला. नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा देणारा एक पंच, अशी त्याची रचना होती. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन छोट्या पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्यामागे १९७१चे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम होते. तेथे साधा शिपाई एका यशस्वी घावात बाद होत असे. नव्या खेळात मात्र एका खेळाडूकडे पलटण नव्हती, एकच व्यक्ती होती, आणि एका घावात मरणाऱ्या व्यक्तीची गोष्ट लांबत नाही. म्हणून ‘हिट पॉइंट’ आले. घाव बसला की ते कमी होतात, शून्यावर आले की पात्र कोसळते. हिशेबाची ही एक साधी युक्ती. पण तिच्यामुळे घाव आणि मृत्यू यांच्यामध्ये थोडे अंतर निर्माण झाले आणि त्या अंतरात खेळाडूला विचार करायला जागा मिळाली. पुढे लढायचे, मागे हटायचे, की सोबत्याला वाचवायचे, हे प्रश्न त्या जागेत उभे राहतात.

आम्हांला आधी वाटले होते, की लढाई म्हणजे फासे टाकणे. नियम पाहता तसे वाटणे स्वाभाविक आहे. लढाईची एक फेरी खेळाच्या जगातील सहा सेकंदांची. आपल्या पाळीला ठरावीक अंतर चालता येते आणि मुख्य कृती एकच करता येते. हल्ला करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि ती बेरीज शत्रूच्या संरक्षणाच्या आकड्याइतकी किंवा अधिक झाली की घाव बसला. आमच्या पहिल्या लढाईतील गॉब्लिनांचा हा आकडा १५ होता. पण फासा उत्तर देतो ते विचारलेल्या प्रश्नाचेच. कोणावर, कोठून, कशाने, आणि मुळात हल्ला करायचा की नाही, यांविषयी फासा काही बोलत नाही. कृती एकच असल्यामुळे एक गोष्ट करणे म्हणजे दुसरी सोडणे, हेही त्यातच आले.

त्या संचातील साहसाचा आरंभ प्रसिद्ध आहे : रानातील वाट, आडवे पडलेले दोन मेलेले घोडे, आणि झाडीत दबा धरून बसलेले चार गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे, कपटी लुटारू. दोघे धावून आले, दोघे मागे राहून बाण मारू लागले. आमचा योद्धा क्षणाचाही विचार न करता तीस फूट पुढे धावला. फाशावर एकोणीस पडले, एक गॉब्लिन मेला, टेबलापाशी जल्लोष झाला. पण पुढे धावताना त्याने जादूगाराला उघड्यावर सोडले होते. जादूगाराचे हिट पॉइंट अवघे आठ. दोन बाण लागले आणि त्याची पहिली पाळी येण्याआधीच तो कोसळला. त्याच्यापाशी झोप आणणारा एक मंत्र होता. २०१४च्या नियमांत आठ बाजूंचे पाच फासे टाकून जी बेरीज येईल तितक्या हिट पॉइंटांचे जीव त्याने झोपतात. बेरीज सरासरीने बावीसच्या आसपास, गॉब्लिनाचे सात. म्हणजे ते एकमेकांजवळ असते तर चारांपैकी तिघे एका पाळीत झोपले असते. “तुझा फासा चांगला पडला, निर्णय चांगला नव्हता,” असे आमच्यापैकी एकीने म्हटले, आणि त्यावर काही काळ टेबलापाशी शांतता पसरली.

यानंतर जे घडले त्यातून या खेळाचा गाभा आमच्या ध्यानात आला. कोसळलेले पात्र लगेच मरत नाही. दर पाळीला फासा टाकायचा, दहा किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशे आधी झाली तर जीव वाचतो, तीन अपयशे आधी झाली तर जातो. धर्मोपासिका उपचार करू शकत होती, पण तिने त्या दिवसासाठी निवडलेला मंत्र स्पर्शानेच चालणारा होता, आणि तिला एका गॉब्लिनाने गाठले होते. त्याच्यापासून दूर जावे तर नियमाप्रमाणे त्याला एक फुकटचा घाव मिळतो. जपून माघार घेतली तर घाव चुकतो, पण त्यातच तिची कृती संपते आणि उपचार राहून जातो. तेथेच उभे राहून लढावे तर जादूगाराचा जीव फाशावर. तीन वाटा, प्रत्येकीची किंमत वेगळी, आणि मुलगा शांतपणे विचारत होता, “आई, तू काय करतेस?” ती धावली. पाठीवर घाव बसला, सहा हिट पॉइंट गेले, जादूगार उठून बसला. या पात्राविषयी आम्हांला तोवर एक वंश आणि काही आकडे एवढेच ठाऊक होते. ती कोण आहे हे त्या पाळीत कळले. फळ्यावरचे वाक्य तेव्हा आठवले.

पण त्याच लढाईत आमच्याविषयी आणखीही काही कळले, आणि ते फारसे भूषणावह नाही. तीन गॉब्लिन पडल्यावर चौथा पळू लागला. आमच्या चोराने धनुष्य उचलले. बाण लागला, गॉब्लिन मेला. मुलाने “ठीक आहे” एवढेच म्हटले. पुढे गॉब्लिनांच्या गुहेत आम्ही चाचपडत शिरलो, वाटेतील सापळ्यांत सापडलो, आणि खेळ थांबवल्यावर त्याने सांगितले, की त्या चौथ्याला पकडले असते तर गुहेत कितीजण आहेत, म्होरक्या कोण, कैदी कोण, हे सारे त्याच्याकडून काढून घेता आले असते. जवळून, तलवारीने शत्रूचे हिट पॉइंट शून्यावर आणले तर त्याला ठार न करता बेशुद्ध पाडता येते, अशी नियमांत सोय आहे. बाणाला ती सोय नाही. धनुष्य उचलले तेव्हाच आम्ही क्षमेची शक्यता मिटवली होती, आणि आपण काही निवडले आहे याची जाणीवही आम्हांला नव्हती. “तुम्ही विचारलंच नाही,” मुलगा म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

त्यामुळे गुहेतील पुढचा प्रसंग आला तेव्हा आम्ही सावध होतो. म्होरक्याचा दुय्यम, यीमिक नावाचा गॉब्लिन, जखमी कैद्याला कड्याच्या टोकाशी ओढून आणतो आणि तहाची बोली लावतो. म्होरक्याला मारून त्याचे डोके आणून द्या, मग कैदी घ्या. आमच्यापैकी एकाचे मत होते, की तत्काळ तुटून पडावे. एकीचे मत होते, की बोलावे. वाद बराच चालला, आवाजही चढले. अखेर आम्ही बोललो, बोली मान्य केली, म्होरक्याशी लढलो. परतल्यावर यीमिकाने शब्द फिरवून खंडणी मागितली, ती मुकाट्याने मोजली. कैदी जिवंत हाती आला. त्या कड्यापाशी एकही फासा टाकला गेला नाही, तरी त्या दिवसाची खरी लढाई तीच होती, असे आम्हांला आजही वाटते.

१९७४च्या मूळ नियमांत हे शहाणपण अधिक उघड होते. तेथे पात्राचा अनुभव वाढे तो मुख्यतः मिळवलेल्या खजिन्यामुळे. राक्षस मारून त्या मानाने थोडेच हाती लागे. साहजिकच चतुर खेळाडू लढाई टाळण्याची वाट शोधत. अर्थात याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. या खेळाच्या नियमपुस्तकांचा मोठा भाग लढण्यानेच व्यापलेला आहे, आणि ज्याचे नियम अधिक त्याचा मोहही अधिक. निवड मोकळी असते हे खरे, पण ती मोकळी आहे याचे भान खेळाडूला स्वतःच ठेवावे लागते.

फासे म्हटले की मराठी माणसाला सभापर्व आठवते. आम्हीही ते अनेकदा शिकवले आहे, आणि दर वेळी शकुनीच्या फाशांवर थांबलो आहोत. आता वाटते, की खरे थांबायला हवे ते अनुद्यूतापाशी. सर्वस्व गेलेले परत मिळाल्यावर, वाटेतून बोलावणे आले म्हणून युधिष्ठिर पुन्हा खेळायला परततो. तेथवर त्याला फाशांनी आणलेले नाही. परतण्याचा निर्णय त्याचा आहे, आणि तो पहिला फासा पडण्यापूर्वीच झालेला आहे. दैव आणि पुरुषार्थ यांची वाटणी करताना आपण फाशाला जरा जास्तच वाटा देतो.

असो. त्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ आली. विज्ञान शाखा हे आमच्या घरात ठरलेलेच होते. कोणी ठरवले, केव्हा ठरवले, हे सांगता आले नसते. आयुष्य कला शाखेत काढलेल्या आम्हां दोघांनीच ते ठरवून टाकले होते, हे विशेष. अर्ज संगणकावर उघडलेला होता, बोट कळेवर होते, आणि त्या क्षणी आम्हां दोघांनाही तो पळणारा गॉब्लिन आठवला. आम्ही मुलाला हाक मारली आणि विचारले, “तू काय करतोस?”

प्रश्न कोठला आहे हे त्याला लगेच उमगले. तो हसला नाही. त्याने दोन दिवस मागितले. ते दोन दिवस काहीही न बोलता काढणे आम्हांला त्या गुहेतील कोणत्याही लढाईपेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले, की विज्ञान शाखाच घ्यायची आहे, आणि का, तेही सांगितले. त्याची कारणे आमच्या कारणांहून वेगळी होती.

अर्जावर जे लिहिले गेले असते तेच अखेर लिहिले गेले. या वेळी ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.