पोटखराब्यातला वाटसरू

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून आठ-आठ, दहा-दहा दिवस सलग पायी हिंडणाऱ्या एका हौशी मंडळाच्या मेळाव्यास गेल्या पौषात मला अगत्याने बोलावण्यात आले, आणि रात्रीची पिठले-भाकरी उरकून सारे शेकोटीभोवती कोंडाळे करून बसले असता, नव्या माणसाने आपला परिचय आपल्याच तोंडाने करून द्यावा या त्यांच्या रिवाजाप्रमाणे यथावकाश माझी पाळी आली. माझ्याआधी बोललेल्यांपैकी कोणी नावामागोमाग गडांची संख्या सांगितली होती, कोणी घाटवाटांची. राजगडावरून तोरणा करून, बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरून रायगड गाठणे ही तर त्या मंडळींत मुंज लागल्याची खूण. मी नाव सांगितले, भूमिअभिलेख खात्यात 1968 पासून 2005 पर्यंत भूकरमापक होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षे डोंगरी तालुक्यांत गेली एवढे सांगितले व थांबलो. तेव्हा समोरच्या एका मुलीने मोठ्या आदराने विचारले, "काका, मग तुमचे किती किलोमीटर झाले असतील?"

प्रश्न साधा होता. परंतु ज्याची हयात अंतरे मोजण्यात गेली त्यालाच त्याचे उत्तर देता येईना, याचे कारण आमच्या धंद्यातच आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळी शंकू-साखळीची मोजणी चालू होती. मुंबई इलाख्याची साखळी 33 फुटी व तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आता ही साखळी सपाटीवर ओढणे हे पोरासोरांचेही काम. पण डोंगराच्या सोंडेवर ती जमिनीला टेकवून ओढली की मोजणी बाद. तिथे चढाकडचे टोक भुईवर ठेवावयाचे, उताराकडचे टोक शिपायाने छातीशी, प्रसंगी डोक्यावर हात उंचावून, साखळी पाण्याच्या पातळीसारखी आडवी होईल असे ताणून धरावयाचे, त्या टोकाखाली ओळंबा सोडून जिथे तो टेकेल तिथे सुई रोवावयाची, आणि तिथून पुढची पायरी. चढ फार असला तर अख्ख्या साखळीऐवजी पाव साखळीनेच पुढे सरकावयाचे. असे करण्यास कारणही आहे. नाचणीचे रोप उताराला काटकोन करून वाढत नाही, ते आकाशाकडे सरळ वाढते, तेव्हा जमीन कलल्याने पिकाची जागा वाढत नाही; शिवाय उताराची लांबी धरली तर नकाशावर शेजारच्या गटांच्या बांधांशी मेळ बसणार नाही. म्हणून 45 अंशांच्या उतारावर माणूस 100 फूट चालला तर दप्तरी जमा होतात ते 71. सरळ कडा असेल तर शून्य!

सारांश, सरकारदरबारी सह्याद्री सपाट आहे. त्यात दोष कोणाला देण्याचे कारण नाही. प्रिंगलसाहेबाच्या 1827-28 च्या मोजणीचा व आकारणीचा बोजवारा उडाल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 साली जी पद्धत नव्याने बसविली, ती इंदापूर तालुक्याच्या मोकळ्या माळावर. आणि तिचा हेतू सारा ठरविणे हा होता, वाटसरूच्या गुडघ्यांची दखल घेणे हा नव्हे. मी मात्र या हिशेबाने सदतीस वर्षांत जितका चढलो तितका कागदावर कधी चढलोच नाही. जे चालणे अंगाला लागले, ते नोंदीला लागले नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री सांगितली, ती मंडळींना फार गमतीची वाटली. सातबाऱ्याच्या उताऱ्यात लागवडीलायक क्षेत्राखाली 'पोटखराबा' म्हणून एक सदर असते. त्याचे वर्ग दोन. 'अ' म्हणजे खडक, घळ, खळ्याची जागा, असे पिकाला नालायक क्षेत्र; 'ब' म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, ओढा, तलाव अशा सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेले व म्हणून आकारणीतून वगळलेले. ज्या कड्यांसाठी आणि ज्या पाऊलवाटांसाठी ही मंडळी रजा काढून, पाठीवर बोजा घेऊन येतात, ते सारे आमच्या दप्तरात खराबा! यावर एकाने खोचून विचारले की पायवाट जर सार्वजनिक, तर शेतकऱ्याने ती काट्याकुट्या लावून बंद केल्यास तहसीलदाराकडे दाद मागता येईल काय. जमीन महसूल संहितेचे कलम 143 अशा वेळी लोक तोंडावर फेकतात. परंतु बांधावरून वाट मिळण्याचा तो हक्क आपल्या शेतात जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याचा आहे, हौसेने हिंडणाऱ्याचा नव्हे. मी त्याला म्हटले, बाबा, कलम राहू दे. घरधन्याला रामराम घाल आणि वाट विचार, तो स्वतः पार खिंडीपर्यंत पोचवावयास येईल.

वाट विचारण्यावरून आठवले. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी घाटमाथ्यावरील दोन गावांच्या शिवेचा तंटा मोजावयास गेलो असता, गावनकाशातली तुटक रेघ आणि पायाखालची मळलेली वाट एकच आहे अशा समजुतीने मी कारवीच्या रानात शिरलो आणि तासाभराने कड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो. खाली कोकण, आणि वाट म्हणून जी आलो ती निव्वळ ढोरवाट. गुरे पाण्याला व गवताला जातात, गावाला जात नाहीत, हे ज्ञान मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. बरोबरचा साखळी धरणारा शिपाई, जो जातिवंत डोंगरातला, मघापासून गप्प होता. "तुला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस?" असे मी चिडून विचारताच तो म्हणाला, "रावसाब, तुमी नकाशा बगत व्हता, मदी कसं बोलायचं?"

याच शिपायाची अंतरे सांगण्याची तऱ्हा निराळी होती. अमुक वाडी किती लांब, तर "दोन इड्यांची वाट". आणि तीच वाडी उलट बाजूने, चढावरून, "तीन इड्यांची". प्रारंभी मी यास अडाणीपणा समजत असे. पुढे कधीतरी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला ठोकताळा वाचनात आला: तासाला तीन मैल चाल धरावी, आणि दर 2000 फूट चढाईस आणखी एक तास मिळवावा. म्हणजे अंतर फुटांत नव्हे, वेळात सांगावे आणि चढाला त्याचे माप द्यावे, हाच न्याय आमचा शिपाई विडीने करीत होता. उलट, घसाऱ्याच्या नाळेतून उतरतानाही एक विडी जास्त लागते हे तो जाणून होता, ज्याची तरतूद नेस्मिथच्या मूळ ठोकताळ्यात नाही.

शेकोटी विझत आली तेव्हा, परदेशी राहून आलेल्या एका तरुणाने अमेरिकेतील ॲपलाचियन वाटेची हकीकत सांगितली. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ती सुमारे 3,500 किलोमीटरांची वाट अर्ल शेफर याने 1948 साली एका दमात पार केली, आणि 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या आजीबाईंनी साध्या कापडी बुटांनिशी, खांद्यावर शिवलेली झोळी टाकून. त्या वाटेवर म्हणे कोणी आपले खरे नाव सांगत नाही. सोबत्यांनी ठेवलेले वाटेवरचे नाव हाच परिचय. मग माझेही बारसे तिथल्या तिथे झाले, ते काय झाले असेल हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढून हाळी आली, "पोटखराबे काका, दमाने या!" मी जुन्या खोडीने पावले मोजीत होतो: तेरा पावलांची एक साखळी. चढ लागला तशी पावले आखूड होत गेली, तेराची सतरा झाली, सतराची एकवीस. आणि धारेवर पोचेपर्यंत मी मोजणे सोडून दिले होते.